सोडियम ११६ : चांगल्या सल्ल्यांनी आजारी पडलेल्या एका बाईंचं प्रकरण

६७ वर्षांच्या एका बाईंना सकाळी घरीच फिट आली आणि दोनेक मिनिटांत थांबली. तातडीच्या विभागात आणलं तेव्हा त्या हाक मारल्यावर डोळे उघडत होत्या, नाव नीट सांगत होत्या. पुढे मात्र सगळा गोंधळ. "आजी, आज वार कोणता?" असं डॉक्टरांनी विचारलं, तर त्यांनी मुलाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "याला विचारा, याला माहीत असतं." खालचा ओठ आतून फाटलेला होता. फिट चालू असताना दातखिळी सोडवायला कुणीतरी चमचा घातला होता, त्याची ती जखम. फिट थांबल्यावर लगेच तोंडात पाणीही घातलं होतं.

हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही, हे आधीच सांगून टाकतो. अशा रुग्णांमध्ये जे वारंवार आढळतं ते एकत्र करून, विद्यार्थ्यांना शिकवताना बांधतात तसं ते बांधलं आहे. बाईंचे तपासणीचे आकडे त्यामुळे नमुन्याचे आहेत. बाकीचं शरीरशास्त्र आणि उपचारांच्या मर्यादा मात्र जशा आहेत तशाच दिल्या आहेत.

आधी काय काय झालं होतं

बाईंचं वजन ४८ किलो. रक्तदाब बरीच वर्षं, एका गोळीवर ठीक चाललेला. अलीकडे तो चढाच राहायला लागला म्हणून तीन आठवड्यांपूर्वी दुसरी गोळी जोडली होती, हायड्रोक्लोरोथायझाइड, १२.५ मिलिग्रॅम. थायझाइड गटातलं हे औषध जुनं, स्वस्त आणि चांगलं आहे. लघवीवाटे मीठ बाहेर टाकून ते रक्तदाब उतरवतं. मीठ कमी करा, असंही सांगितलं होतं. बाईंनी ते जवळजवळ बंदच केलं.

याच घरात आणखी एक गोष्ट आधीपासून चालू होती. मुलाला वर्षभरापूर्वी मूतखडा झाला होता आणि "भरपूर पाणी प्या, लघवी पांढरी स्वच्छ झाली पाहिजे" असं त्याला बजावलं होतं. त्याच्यासोबत घरातल्या सगळ्यांनीच पाणी वाढवलं. सुनेच्या मोबाइलवर दर तासाला पाण्याची आठवण वाजायची. बाई शिस्तीच्या, त्यामुळे तीन लिटर ठरलं म्हणजे तीन लिटर. नवी गोळी सुरू झाल्यावर, लघवी जास्त होते म्हणजे अंगातलं पाणी कमी होत असणार, या विचाराने त्यांनी ते साडेतीन-चारवर नेलं.

दुसऱ्या आठवड्यात थकवा आला, मग डोकं जड राहायला लागलं. मग मळमळ सुरू झाली आणि जेवण निम्म्यावर आलं. घरातल्यांनी ओळखलं की हे पाणी कमी पडल्याचं लक्षण. डोकेदुखी, थकवा, मळमळ, सगळं जुळत होतं. म्हणून सकाळी उठल्या उठल्या आणखी दोन ग्लास. फिट यायच्या आधीचे चार दिवस बाई चालताना भिंतीला हात लावायच्या, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारायच्या, एकदा गॅस चालू ठेवून झोपायला गेल्या. "वय झालं आता आईचं," असं बोलून तो विषय तिथेच संपला.

या सगळ्यात कुणी हलगर्जीपणा केला नव्हता, हे लक्षात घेण्यासारखं आहे. उलट घर जरा जास्तच काळजी घेणारं होतं.

रिपोर्ट

रक्तातलं सोडियम ११६. हे मिलिमोल प्रति लिटरमध्ये मोजतात. साधारण १३५ ते १४५ असायला हवं, १२५च्या खाली धोका गंभीर मानतात. पोटॅशियम ३.१, तेही कमी. साखर ठीक, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ठीक. थायरॉइड आणि कॉर्टिसॉल या संप्रेरकांच्या कमतरतेनेही सोडियम उतरतं, म्हणून ते तपासलं. दोन्ही ठीक निघाले. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही, गाठ नाही.

निर्णायक तपासणी लघवीची होती. रक्त इतकं पातळ झालेलं असताना निरोगी मूत्रपिंडाने एकच काम करायला हवं : जास्तीचं पाणी शक्य तितकं निव्वळ पाण्याच्या रूपात बाहेर सोडणं. अशा वेळी लघवीची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे तिच्यात विरघळलेल्या पदार्थांची दाटी, १००च्या खाली जायला हवी. बाईंची २२० होती. मूत्रपिंड पाणी सोडत होतं, पण पुरेसं नाही. डोळ्यांना मात्र ती लघवी अगदी स्वच्छ दिसत होती, आणि बाईंना गेले तीन आठवडे त्याचंच समाधान होतं.

पाणी बाहेर का पडलं नाही

"पाणी जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं, त्यात काय?" हा समज अर्धा खरा आहे, म्हणूनच तो जरा उलगडून बघू.

मूत्रपिंड कोरं पाणी टाकू शकत नाही. लघवीच्या प्रत्येक लिटरमध्ये थोडेफार विरघळलेले पदार्थ जावेच लागतात; निरोगी माणसात ही किमान दाटी ५०च्या आसपास असते. हे पदार्थ येतात खाण्यातून : मीठ, पोटॅशियम आणि प्रथिनांपासून बनणारा युरिया. नीट जेवणाऱ्या माणसाकडे दिवसाला ६०० ते ९०० मिलिऑस्मोल (विरघळलेल्या कणांचं माप) इतका हा माल असतो. ६००ला ५०ने भागलं की १२ येतात. म्हणजे तरुण, धडधाकट, पोटभर जेवणारा माणूस दिवसाला १२ लिटरपर्यंत पाणी लघवीवाटे टाकू शकतो. त्याने चार लिटर प्यायलं तर वारंवार उठावं लागण्यापलीकडे काही होत नाही. पाण्याचा अतिरेक करूनही बहुतेकांना काहीच का होत नाही, याचं उत्तर या भागाकारात आहे.

आता बाईंचा हिशेब मांडू. जेवण निम्मं, मीठ जवळजवळ नाही. म्हणजे ६००च्या जागी समजा ३००. वयानुसार लघवी पातळ करण्याची ताकद थोडी उतरतेच. त्यावर थायझाइड. मूत्रपिंडातल्या नळीच्या ज्या भागात मीठ काढून घेऊन लघवी पातळ केली जाते, नेमक्या तिथेच हे औषध मिठाची वाट अडवतं. किमान दाटी ५०वरून १५०ला गेली असं धरलं, तर ३०० भागिले १५०, म्हणजे दोन लिटर. श्वास आणि त्वचेवाटे पाऊण-एक लिटर जातं. बाकीचं, चार लिटर पिणाऱ्या माणसाच्या बाबतीत, अंगातच राहतं. प्रत्यक्षात प्रत्येक दिवस इतका सरळ नसतो. एखाद्या दिवशी थोडं जास्त बाहेर पडतं, एखाद्या दिवशी कमी. ४८ किलोच्या देहात मुळात पाणी असतंच साधारण २१-२२ लिटर. त्यात रोज थोडं उरत गेलं तरी तीन आठवड्यांत काय होईल, ते ११६ या आकड्याने दाखवलं.

मळमळीचा भाग वेगळा सांगायला हवा, कारण इथे चक्र पूर्ण होतं. मेंदूतून व्हासोप्रेसिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि ते मूत्रपिंडाला 'पाणी धरून ठेव' असा हुकूम देतं. रक्त पातळ झालं की ते थांबायला हवं. पण मळमळ ही व्हासोप्रेसिन सोडणारी फार जोरकस चेतना आहे, रक्त कितीही पातळ असो. म्हणजे सोडियम उतरल्यामुळे मळमळ, मळमळीमुळे व्हासोप्रेसिन, त्यामुळे आणखी पाणी अंगात, सोडियम आणखी खाली. शिवाय मळमळीने जेवण सुटलं, म्हणजे वरच्या भागाकारातला वरचा आकडाही घटला. आणि बाहेरून घरचे सांगत होते, पाणी प्या.

पाणी जास्त झाल्याची लक्षणं आणि पाणी कमी पडल्याची म्हणून आपण पाठ केलेली लक्षणं दिसायला जवळजवळ एकच आहेत : थकवा, डोकेदुखी, मळमळ, गोंधळ. त्यामुळे चुकीचा उपाय करूनही तो चुकीचा आहे हे कळायला मार्गच नव्हता. उपायाने बरं वाटलं नाही की डोस वाढवायचा, इतकंच.

आठ ग्लास

तीन लिटर, आठ ग्लास, वजनाला अमुकने भागा, असे आकडे येतात कुठून? १९४५ साली अमेरिकेच्या फूड अँड न्यूट्रिशन बोर्डाने प्रौढांसाठी दिवसाला अडीच लिटर पाणी योग्य असं म्हटलं होतं. त्याच्याच पुढे, यातलं बहुतेक पाणी तयार अन्नातच असतं, असं वाक्य होतं. बहुधा हे दुसरं वाक्य गळालं आणि पहिलं जगभर फिरलं. २००२ साली हाइन्झ व्हाल्टिन या मूत्रपिंडाच्या अभ्यासकाने आठ ग्लासांच्या नियमामागे काही शास्त्रीय पुरावा आहे का, हे धुंडाळलं. 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिऑलॉजी'त छापून आलेला त्याचा निष्कर्ष असा की समशीतोष्ण हवेत बैठं आयुष्य जगणाऱ्या निरोगी प्रौढांसाठी असा पुरावा सापडत नाही.

नंतरच्या शिफारशीही नीट वाचाव्या लागतात. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० साली बायकांसाठी २ आणि पुरुषांसाठी २.५ लिटर असा आकडा दिला, पण तो एकूण पाण्याचा : अन्नातलं, दुधातलं, चहा-कॉफीतलं सगळं धरून. आणि चहा-कॉफी धरायचीच. तिने जितकं पाणी आत जातं त्याहून जास्त बाहेर पडतं हा समज सवयीने बेताची कॉफी पिणाऱ्यांत खरा ठरलेला नाही. २०२२ साली 'सायन्स'मध्ये २३ देशांतल्या ५,६०४ लोकांच्या शरीरात पाण्याची रोजची उलाढाल किती होते, याचं मोजमाप छापून आलं. सर्वांत लहान माणूस आठ दिवसांचं बाळ, सर्वांत मोठं माणूस ९६ वर्षांचं. वय, आकार, हवामान, श्रम यांनुसार आकडे इतके बदलले की सगळ्यांना एकच माप लावायला जागा उरत नाही.

मला स्वतःला आठ ग्लासांपेक्षा त्याच्या जोडीचं वाक्य जास्त घातक वाटतं : "तहान लागली म्हणजे उशीर झालेला असतो." आठचा आकडा निदान आठवर थांबतो. हे वाक्य शरीराचा काटाच काढून टाकतं. रक्ताची दाटी दोन टक्क्यांच्या आतबाहेर वाढली की तहान लागते. ज्याला वैद्यकात निर्जलीकरण म्हणतात ते साधारण पाच टक्क्यांच्या पुढे सुरू होतं. तहान म्हणजे उशीर नव्हे, ती बरीच आधी येणारी सूचना आहे. बाईंना विचारल्यावर त्यांनी साधंच सांगितलं : "तहान नसायचीच हो. घोट गिळवत नसे. पण गजर वाजला की प्यायचे." शरीर नको म्हणत होतं.

इथे एक अडचण मान्य करायला हवी. म्हातारपणी तहान मंदावते, हे खरं आहे. १९८४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आलेल्या एका छोट्या प्रयोगात २४ तास पाण्यावाचून ठेवल्यावर निरोगी वृद्ध पुरुषांना तरुणांपेक्षा कमी तहान लागली होती. त्यामुळे उन्हाळ्यात, तापात, जुलाबात म्हाताऱ्या माणसाला पाण्याची आठवण करणं चूक नाही. पण ज्या वयात तहान मंदावते त्याच वयात जास्तीचं पाणी टाकण्याची ताकदही मंदावते. चुकायला दोन्ही बाजूंनी जागा कमी असते आणि सल्ला मात्र एकाच बाजूचा दिला जातो.

'विषारी द्रव्यं धुऊन निघतात' याबद्दल थोडक्यात. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जवळजवळ सगळा परत आत घेतात. रक्तातला द्रवभाग तर तीनेक लिटरच, म्हणजे तोच दिवसातून साठेक वेळा गाळून निघतो. वर दोन लिटर पाणी ओतल्याने या कारखान्याला वेग येत नाही. दिवसाला अर्धा लिटर लघवीतही निरोगी मूत्रपिंड रोजचा कचरा बाहेर काढू शकतं. जास्त पाण्याने लघवी पातळ होते, कचरा वाढत नाही.

आणि हे फक्त म्हाताऱ्यांचं दुखणं नाही. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यातल्या १३ टक्क्यांचं सोडियम १३५ किंवा त्याखाली होतं. शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं, म्हणजे घाम गळून गेला त्याहून जास्त प्यायले गेले, त्यांना हा धोका ठळकपणे जास्त होता. ४२ किलोमीटर धावून वजन वाढतं, यावर विश्वास बसत नाही. पण बसवावा लागतो.

उपचार

सोडियम उतरलं की पेशींबाहेरचं पाणी पातळ होतं आणि ते पेशींच्या आत शिरतं. बाकीच्या अवयवांना फुगायला जागा असते, कवटीत नसते. फिट त्यामुळे आली. म्हणून ३ टक्क्यांचं तीव्र मिठाचं सलाईन १०० मिली, दहा मिनिटांत. थोड्या वेळाने पुन्हा एकदा तितकंच. सोडियम १२०वर आलं. चार ते सहाने वाढ झाली की मेंदूवरचा ताबडतोबीचा दाब सहसा उतरतो, आणि दुपारपर्यंत बाई वार बरोबर सांगायला लागल्या.

आता मुलाचा प्रश्न स्वाभाविक होता : "मग आजच १४० का करत नाही?"

कारण मेंदूने गेल्या तीन आठवड्यांत स्वतःची सोय लावून घेतलेली असते. फुगू नये म्हणून त्याच्या पेशी आतले विरघळलेले पदार्थ हळूहळू बाहेर टाकून देतात. बाहेरचं रक्त एकाएकी दाट केलं, तर आधीच रिकाम्या झालेल्या त्या पेशींतलं पाणी ओढून निघतं आणि चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण उद्ध्वस्त होऊ शकतं. १९५९ साली अ‍ॅडम्स आणि सहकाऱ्यांनी हा विकार पहिल्यांदा मांडला. उपचाराच्या वेगाशी त्याचं नातं पुढे कळलं. तो फसवा असतो. सोडियम सुधारतं, माणूस शुद्धीवर येतो, बोलतो, आणि दोन ते सहा दिवसांनी बोलणं अडखळतं, गिळता येत नाही, हातपाय चालेनासे होतात. पोटॅशियम कमी असेल, खाणं तुटलेलं असेल तर धोका जास्त. बाईंच्या बाबतीत दोन्ही होतं. म्हणून मर्यादा ठरली : २४ तासांत ८च्या वर नाही, म्हणजे उद्या सकाळी जास्तीत जास्त १२४. पोटॅशियम देऊनही सोडियम चढतं, त्यामुळे तेही हिशेबात धरलं.

संध्याकाळी नाट्य झालं. मळमळ थांबवणारं औषध दिलेलं, गोळी बंद केलेली. व्हासोप्रेसिनचा हुकूम उठला आणि मूत्रपिंडाने साठलेलं पाणी एकदम सोडायला सुरुवात केली. तासाला ३५० मिली लघवी, पाण्यासारखी. सोडियम १२२ झालं होतं आणि रात्र अख्खी बाकी होती. हाच क्षण अशा रुग्णांत सर्वांत जास्त हुकतो, कारण भरपूर लघवी बघून सगळे खूश असतात. इथे ड्युटीवरच्या डॉक्टरांनी डेस्मोप्रेसिन दिलं, म्हणजे व्हासोप्रेसिनचाच कृत्रिम भाऊ, आणि ग्लुकोजचं सलाईन लावलं, जे साखर वापरली गेली की शरीरात नुसतं पाणीच ठरतं. सून चक्रावली : "पाण्यानेच झालं म्हणता, आणि पाणीच देताय?" प्रश्न बरोबर होता. पाणी वाईट म्हणून थांबवलेलं नव्हतं. वेग धरायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी १२४. तिसऱ्या दिवशी १३०. पाचव्या दिवशी १३६.

बरं झाल्यावर आलेले नवे गैरसमज

आधीच्या गैरसमजांपेक्षा मला या भागाची जास्त काळजी वाटते, कारण रुग्ण घरी जाताना हेच बरोबर नेतो.

पहिला : "आईचं मीठ कमी झालं होतं, आता रोज चमचाभर जास्त देऊ." रिपोर्टवर सोडियम कमी, सोडियम म्हणजे मीठ, म्हणून मीठ कमी, दिसायला तर्क बिनतोड आहे. पण रिपोर्टवरचा आकडा शरीरातलं मीठ किती ते सांगतच नाही. मीठ आणि पाणी यांचं प्रमाण सांगतो. रंगाच्या बादलीत पाणी ओतलं तर रंग फिका दिसतो, बादलीतला रंग काही कमी झालेला नसतो. बाईंच्या अंगातून गोळीमुळे थोडं मीठ गेलं होतं हे खरं, पण आकडा इतका खाली नेला तो मुख्यतः पाण्याने. त्यांना मीठ कमी खायला सांगितलं ते बरोबरच होतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. कमी करणं आणि जवळजवळ बंद करणं यात मात्र फरक आहे. आता घाबरून मीठ वाढवलं तर रक्तदाब पुन्हा चढेल आणि पुढची खेप पक्षाघाताची असू शकेल.

दुसरा : "बीपीच्या गोळ्यांनीच हे झालं, सगळ्या बंद करू. तशाही त्या किडनी खराब करतात." मूत्रपिंड खराब करणाऱ्या कारणांत न उतरवलेला रक्तदाब अगदी वरच्या जागी आहे. थायझाइडने सोडियम उतरणं हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. वयस्क, कमी वजनाच्या बायकांत तो जास्त दिसतो आणि बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच. म्हणून गोळी सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत सोडियम-पोटॅशियम तपासायचं असतं. ती एक साधी रक्ततपासणी या प्रकरणात राहून गेली होती. माझ्या मते पूर्ण प्रकरणात सर्वांत सहज टाळता येण्यासारखी गोष्ट तीच.

तिसरा 'वय झालं'चा. तो रुग्णालयात बोलता बोलताच गळून पडला, कारण ज्या बाईंना वार सांगता येत नव्हता त्या दोन दिवसांनी शेजारच्या खाटेवरच्या बाईंना औषधांच्या वेळा समजावत होत्या. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांच्या गतीने येतो. चार दिवसांत आलेला, सकाळी बरा आणि संध्याकाळी वाढणारा गोंधळ हा वेगळा प्रकार. त्याच्या मागे जंतुसंसर्ग, औषध, साखर, सोडियम असं काहीतरी शोधायचं असतं आणि पुष्कळदा ते सापडतं.

फिटबद्दल डिस्चार्जच्या वेळी सुनेने आपणहून विचारलं, बरं झालं. जीभ गिळली जात नाही. ती तळाशी जोडलेली असते. चावली जाऊ शकते, पण दातांत चमचा घालून दात तुटतो, ओठ फाटतो किंवा घालणाऱ्याचं बोट सापडतं. धरून ठेवायचं नाही. आजूबाजूच्या टोकदार वस्तू सरकवायच्या, झटके थांबले की कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या पुढे गेली किंवा पहिल्यांदाच आली असेल तर तातडीची मदत बोलवायची. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीसुद्धा नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

घरी जाताना

थायझाइड बंद झालं, त्याऐवजी दुसऱ्या गटातली गोळी दिली आणि फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहिलं की हा गट पुन्हा द्यायचा नाही. हे लिहिणं महत्त्वाचं, कारण पुढच्या वेळी गोळी देणारा डॉक्टर वेगळा असेल आणि बाई "ती लघवीची गोळी" एवढंच सांगतील. सोडियम आठवड्याने आणि पुन्हा महिन्याने तपासायचं. जेवण पूर्ववत, प्रथिनांसकट. पाणी तहानेप्रमाणे, ताप, जुलाब, कडक ऊन असेल तेव्हा थोडं अधिक.

आठवड्याने आल्या तेव्हा सोडियम १३८ होतं. सोबत आलेल्या मुलाशी बोलताना मात्र वेगळंच कळलं. आईचं बघून त्यानेही पाणी निम्म्यावर आणलं होतं. मोबाइलवरचे गजर सगळ्यांचेच काढून टाकले होते.

त्याच्यासाठी तो मूळ सल्ला बरोबर होता. ज्याला एकदा खडा झाला आहे त्याने दिवसाला अडीच लिटरच्या आसपास लघवी होईल इतकं पाणी प्यावं, असं सांगतात आणि त्यामागे पुरावा आहे. इटलीत पाच वर्षं चाललेल्या आणि १९९६ साली छापून आलेल्या चाचणीत जास्त पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, तर जास्त न पिणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांना. वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या आणि मुळात कमी पाणी पिणाऱ्या तरुण बायकांनाही दीड लिटर वाढवल्याचा फायदा २०१८च्या एका चाचणीत दिसला होता. मुलगा ३९ वर्षांचा, पोटभर जेवणारा, थायझाइड न घेणारा. त्याचं मूत्रपिंड ते पाणी आरामात बाहेर टाकेल.

डॉक्टरांनी दोन वेगळे कागद लिहिले. आईच्या कागदावर ग्लासांचा आकडा नव्हता, मुलाच्या कागदावर होता. सुनेने दोन्ही कागदांचे फोटो काढून घेतले, मुलाच्या मोबाइलवर गजर परत लावला, आणि मग स्वतःबद्दल विचारलं. तिला खडा नव्हता, रक्तदाब नव्हता, गोळी कुठलीच चालू नव्हती. तिसरा कागद लिहायची गरज पडली नाही.